टेकडीवरची वठलेली झाडं

नमस्कार. मागे उभे आहात त्यांनी पुढे या हो, सतरंजीवर भरपूर जागा आहे.

विषय दिलाय "देशी झाडं ओळखा, वाढवा, जगवा" आणि वेळ पाऊण तास. वाढवा-जगवाकडे मी नक्की येणार, पण आधी ओळखा. गेली 20 वर्षं मी बघतेय, रोप लावायची घाई सगळ्यांना असते, पण समोर आधीपासून काय उभं आहे ते बघायला कोणी थांबत नाही. आणि त्यातून काय होतं ते मला आज मनापासून सांगायचंय, कारण ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

सुरुवातीला एक सोपं काम करू. ज्यांच्या सोसायटीत किंवा शाळेत अशोकाचं झाड आहे त्यांनी हात वर करा. बापरे, जवळजवळ सगळेच! आता ज्यांचा अशोक खांबासारखा सरळ उंच आहे आणि पानं खाली लोंबतात, त्यांनी हात खाली घ्या. राहिले किती? दोन. बाकीच्यांच्या दारात आहे तो आसुपालव. सीतेचा अशोक वेगळा, तो पसरतो, त्याला फांदीवरच नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात. हसताय, पण नर्सरीत अशोक म्हणून मागाल तर बहुतेक वेळा आसुपालवच मिळेल, त्यामुळे घेतानाच पान बघायचं.

ही दोन पानं फिरवा जरा. मागच्या ऑगस्टमध्ये वहीत दाबून ठेवलेली आहेत, सांभाळून. पळसाला पाने तीनच हे आपण सगळेच म्हणतो, पण तीन पानं पांगाऱ्यालाही असतात हे किती जणांनी बघितलंय? दोन्ही रानातलीच, दोन्हीला लाल-केशरी फुलं, आणि रोप लहान असताना भले भले फसतात. मग हात लावायचा. पळसाचं पान जाड, चामड्यासारखं, मागून शिरा वर आलेल्या, मधलं पान सगळ्यात मोठं. माझी आई त्याच्याच पत्रावळी लावायची. पांगाऱ्याचं पान मऊ आणि पातळ, आणि फांदीवर काटे. डोळे मिटून पान चाचपायची सवय लावा, नुसत्या मोबाईलच्या फोटोत हे कळत नाही.

आता ती गोष्ट. माझं माहेर भोर तालुक्यातलं, गावामागे एक छोटी टेकडी आहे, खडकाळ, उन्हाळ्यात पिवळीधम्मक. बारा-तेरा वर्षांपूर्वी एप्रिलमध्येच शहरातली एक संस्था तिथे वृक्षारोपणाची तयारी करायला आली. चांगली मंडळी होती हो, तरुण मुलं-मुली, टोप्या घातलेल्या, उन्हात घाम गाळत होती, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण खड्ड्यांसाठी उतार साफ करायचा म्हणून त्यांनी "वठलेली" झाडं तोडली. अकरा झाडं. मी आणि आत्या दुपारी वर पोचलो तेव्हा नऊ आडवी झाली होती आणि दहाव्यावर कुऱ्हाड चालू होती.

आत्या काही बोलली नाही, ती सरळ तोडलेल्या बुंध्यापाशी बसली. सालीवर नखाने खरवडलं, वरचा राखाडी पापुद्रा गेला आणि खाली हिरवं. अजून आत तांबूस, ओलं, बोटाला चिकटणारं. तिने ते बोट त्या पोरांपुढे धरलं आणि म्हणाली, "अरे लेकरांनो, ही मोई आहे. झोपली होती."

मोई म्हणजे काही ठिकाणी शिमटी म्हणतात ती, शेमट पण म्हणतात. हिवाळा सरता सरता सगळी पानं टाकते आणि पावसाच्या तोंडापर्यंत नागडी उभी राहते. पाणी वाचवण्याची तिची ती रीत आहे. त्या उघड्या फांद्यांच्या टोकांनाच बारीक फुलांचे तुरे लोंबतात, पुढे लहान लालसर फळं धरतात आणि पक्षी येतात. म्हणजे ती मुलं ज्याला मेलेलं झाड समजली ते त्या वेळी मधमाश्यांना खाऊ घालत होतं. वर बघितलं असतं तर दिसलं असतं!

पुढचं ऐका. तोडलेल्या फांद्यांचे खुंट करून त्याच मंडळींनी नव्या रोपांभोवती कुंपणाला रोवले. रोपं होती रेन ट्रीची आणि गुलमोहराची. जूनमध्ये पाऊस आला आणि कुंपणाला पालवी फुटली. मोईचं हे असंच असतं, मनगटाएवढी फांदी पावसाआधी रोवली की ती मुळं धरते, बांधावर जिवंत कुंपणाला लोक मुद्दाम लावायचे. पुढच्या मे महिन्यापर्यंत आतली रोपं एकजात गेली, पाणी घालायला कोणी आलं नाही. कुंपण मात्र जगलं. त्यातली पाच झाडं आजही आहेत. मोईमध्ये नर झाड वेगळं, मादी वेगळं, त्यामुळे पाचांपैकी तिघींना फळं धरतात आणि बाकीचे दोघं नुसते फुलतात. आत्या आता नाही. मी दर एप्रिलला जाऊन त्या पाचांना नखाने एकेकदा खरवडून येते.

(समोरून कोणीतरी विचारलं, मग गुलमोहर वाईट का?) नाही हो, वाईट कुठलं झाड नसतं. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री तिकडे अमेरिका खंडातली, रस्त्याच्या कडेला सावली देतात, देऊ देत. माझं भांडण टेकडीवर लावण्याशी आहे. आणि "देशी" म्हटलं की झालं असंही नाही. ताम्हण आपल्या राज्याचं फूल, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड. सासवडच्या मुरमाड माळावर लावलं तर ते देशी असूनही परकंच. म्हणून मी देशी म्हणत नाही, इथलं म्हणते. आणि काही जागा तर झाडांच्या नसतातच. सोलापूरजवळ नान्नजचं माळरान आहे, माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं. तिथलं गवत हीच तिथली संपत्ती. मोकळा माळ दिसला की लगेच खड्डे खणायचे हे थांबायला हवं, राज्य सरकारच्या वृक्षलागवडीत 2016 ला 2 कोटींपासून 2019 ला 33 कोटींपर्यंत रोपांचे आकडे आपण ऐकले, पण आकडा कितीही मोठा असला तरी रोप कुठे लावलं आणि तिथे आधी काय होतं, हा प्रश्न उरतोच.

चिठ्ठी आली, सात मिनिटं राहिलीत. ठीक आहे, भराभर सांगते, लिहून घ्या.

बी स्वतः गोळा करा, आपल्या भागातल्याच झाडाखालचं. सगळी बियाणं सारखी टिकत नाहीत, इथेच लोक चुकतात. जांभूळ आणि कडुनिंब यांचं बी डब्यात भरून पुढच्या वर्षाला ठेवाल तर उगवणार नाही. फळ पिकलं, गर धुतला की त्याच आठवड्यात पेरायचं. करंजाचं बी ताजं असेल तर काहीच न करता उगवतं, नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी. बहाव्याचं उलटं, त्याचं कवच इतकं कडक की वर्षभर तसंच पडून राहील. ते एका बाजूने सहाणेवर घासायचं, आतला फिका रंग दिसला की थांबायचं, आणि रात्रभर पाण्यात. नाहीतर पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून सकाळपर्यंत ठेवायचं. गॅसवर ठेवून उकळू नका, शिजेल.

पिशवी लांबुडकी घ्या, उथळ नको. रोप फार दिवस पिशवीत राहिलं की मूळ तळाशी गोल गोल फिरतं, ते जमिनीत गेल्यावरही सरळ होत नाही. लावताना पिशवी फाडायची, सगळी काढून टाकायची, पिशवीसकट पुरलेली रोपं मी स्वतः उकरून काढली आहेत. खड्डा मे महिन्यात, रोप दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. लावल्यावर बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचं आच्छादन, पण खोडाला चिकटवून नको. पहिले दोन उन्हाळे महत्त्वाचे. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बादलीभर घाला म्हणजे मूळ खाली जाईल. टेकडीवर असाल तर दिवाळीनंतर गवत वाळतं तेव्हा रोपांभोवतीचं कापून जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत नसलेला मोकळा पट्टा, वणव्यात एका दुपारी तीन वर्षांची मेहनत जाते.

आणि बहाव्याची कोवळी पानं अळ्यांनी खाल्ली म्हणून फवारणी करू नका, हात जोडून सांगते. पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांची ती पिल्लं आहेत, झाडाला पुन्हा पानं येतात.

कलमं, वेली, कुंडीतली झाडं हे सगळं राहिलंच. राहू दे. परवा रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीजवळ जमू. आत्ता निम्मी झाडं निष्पर्ण आहेत, शिकायला याच्याहून चांगला महिना नाही. पाण्याची बाटली आणा, टोपी आणा, मोबाईल खिशात ठेवा.

आणि निघताना दाराशी परात ठेवली आहे, त्यात बहाव्याचं बी आहे, या रस्त्यावरच्याच झाडाचं. प्रत्येकी पाच घ्या. घरी सहाण नसेल तर ओट्यामागच्या खरखरीत फरशीवर घासलं तरी चालतं.