साकवापलीकडचा दवाखाना

(दृश्य: मुसळधार पाऊस. ओढ्यावरचा लाकडी साकव.)

भीमगडच्या जंगलातल्या आमगावला पावसात जायचं, तर गाडी अलीकडंच ठेवावी लागते. पुढं चिखल, ओढे आणि साकव. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या या पश्चिम कडेला गवाळी, कोंगळा, पास्टोली अशी आणखीही गावं आहेत. कुणी अंथरुणाला खिळलं की चार गडी गोळा करायचे, दोन बांबूंना घोंगडं बांधायचं आणि रस्ता गाठायचा. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे. ती रस्त्याच्या टोकाशी येऊन थांबते.

त्यामुळं घरात पहिला प्रश्न निघतो तो असा: चालत जाईल काय, की उचलूनच न्यायचं? चालण्याजोगं दुखणं असेल तर सुरुवात चुलीपाशी. सुंठ-मिऱ्याचा काढा, पोटावर ओव्याचा शेक, पोर किरकिरत असेल तर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट.

(दृश्य: एका आजींच्या मांडीवरची कापडी पिशवी.)

आत सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांची पट्टी, केसपेपरची घडी, आणि कागदात गुंडाळलेला अंगारा. गोळी तापासाठी, अंगारा भीतीसाठी. आजारपण येतं तेव्हा दोन्ही बरोबरच येतात.

डोळे पिवळे झाले, की मात्र वाट ठरलेली. कावीळ म्हटलं की गावठी औषध, असं बेळगाव शहरातली शिकलेली माणसंही सांगतात. अनशापोटी पाल्याचा रस, तेल-तिखट बंद. काही ठिकाणी डोक्यावर माळ ठेवतात. वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे, प्रत्येकाभोवती दोऱ्याची गाठ. पहिल्या दिवशी ही माळ टाळूवर मावते. मग रोज थोडी लांबत गळ्यात येते, छातीपर्यंत उतरते, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरली असं घर मानतं. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते. धडधाकट माणसाच्या डोक्यावरही ती तेवढीच वाढेल. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळेला यश येतं ते तिथून. पण गरोदर बाईच्या जिवावर हीच पाण्यातली कावीळ बेतू शकते. तिला माळ उतरायची वाट बघत घरात ठेवू नका. हे आम्ही हात जोडून सांगतो.

सापाचंही असंच. बरेचसे साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातंच असं नाही. मंत्र घातलेला माणूस सकाळी उठून बसतो आणि मांत्रिकाचं नाव दहा गावांत होतं. मण्यार मात्र रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते. डंख धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, मग श्वास अडकतो. घोणशीचं विष रक्तावर जातं, रक्त गोठू देत नाही. त्यासाठी दवाखान्यात एक साधी चाचणी आहे: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर प्रतिविष लगेच सुरू. ती वीस मिनिटं गावातच, मांत्रिकाच्या ओट्यावर गेली तर?

२०२४ मध्ये कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद करणं दवाखान्यांना बंधनकारक केलं. चांगलं झालं. पण जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, त्याची नोंद कोण करणार?

(दृश्य: तिन्हीसांज. ओट्याला टेकून उभी मोटारसायकल.)

मग येतो सुईवाला डॉक्टर. पदवी नाही, कुठंतरी कंपाउंडर म्हणून राबलेला. माणसं रानातून परतली की हा दारात हजर. मनगट धरतो, जीभ बघतो, सासूबाईंची तब्येत विचारतो. पैसे भात मळल्यावर दिले तरी चालतात. सुई टोचली की रात्री अंग हलकं होतं, कारण तिच्यात वेदनाशामक असतं, कधी स्टिरॉइडही. ताप दबतो, दुखणं आत वाढत राहतं. हे बेकायदा आहे आणि घातकी आहे. तरीही त्याच्या ओट्यावर मिळते ती विचारपूस सरकारी रांगेत मिळत नाही. तिथं पाटी कन्नडमध्ये, कागद इंग्रजीत, आणि म्हातारीला येते फक्त मराठी. गावातली आशाताई सोबत असली तर निभतं. ती फॉर्म भरून देते, गोळी जेवणाआधी की नंतर ते समजावते. एकट्या बाईच्या अंगावर आपण किती टाकलंय!

बेळगावात पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. २००६ मध्ये ती प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. वैदूच्या पिशवीतला पाला तिथं पारखता येईल. आपला हात कुठं थांबवायचा, हे मात्र वैदूला पेशंट समोर असतानाच ठरवावं लागतं.

(दृश्य: बांबूच्या कामट्या, अंड्यातलं पांढरं, जुन्या धोतराच्या पट्ट्या.)

हे हाडवैद्य काका मुरगळलेला पाय बांधतात. हाड कातडीबाहेर आलं असेल तर हात लावत नाहीत. आधार बांधून देतात, पोराला गाडी बघायला धाडतात आणि खानापूरपर्यंत स्वतः सोबत जातात. आत्ता समोर बारा-तेरा वर्षांचा मुलगा बसलाय, झाडावरून पडलेला. पट्टी बांधून झाली. काका त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबतात. नख पांढरं पडतं. सोडतात. हळूहळू गुलाबी होतं. मग शेजारचं बोट.