न थांबणारे पंप आणि छतावरचं ऊन

मंडळी, संध्याकाळी मत्स्यालयाचा दरवाजा बंद होतो, दालनातले दिवे मालवतात. पंप मात्र चालूच राहतात. पाणी फिरायचं थांबलं की टाकीतला प्राणवायू घटू लागतो. गाळणीतले जीवाणू माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियाचं नायट्रेट करत असतात, त्यांनाही प्राणवायू लागतो. ते मेले की पाणी विषारी होतं. त्यामुळे 'छतावर सोलर बसवा, झालं काम' असं कोणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, रात्रीचं काय?

या प्रश्नाकडे ज्यांनी नीट पाहिलं त्यांच्यापैकी एक ठिकाण म्हणजे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमधल्या टाउन्सव्हिलचं रीफ एचक्यू. 1987 साली सुरू झालेलं हे मत्स्यालय ग्रेट बॅरिअर रीफ मरीन पार्क अथॉरिटीचं, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या प्रचंड प्रवाळ-पट्ट्याची देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं. 2021 मध्ये ते मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं, पण तिथे झालेलं काम आपल्या फार उपयोगाचं आहे. टाउन्सव्हिल विषुववृत्ताच्या दक्षिणेला 19 अंशांवर आणि मुंबई उत्तरेला 19 अंशांवर. ऋतू उलटे, पण डोक्यावरचा सूर्य आणि अंगाला चिकटणारी दमट हवा ओळखीची.

तिथल्या मुख्य टाकीत 25 लाख लिटर समुद्राचं पाणी आणि त्यात जिवंत प्रवाळ. टाकी वरून उघडी, कारण प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल उन्हावर जगतं आणि प्रवाळाला खाऊ घालतं. म्हणजे सौरऊर्जा या टाकीत पॅनेल येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण तेच ऊन पाणी तापवतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी 1 अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. बाहेरच्या समुद्रात हे 1998, 2002, 2016, 2017, 2020, 2022, 2024 असं पुन्हा पुन्हा घडलं. 2016 पासून ही वर्षं किती जवळजवळ आलीत ते पाहा. मला ही यादी शांतपणे वाचता येत नाही.

आणि क्वीन्सलंडची वीज मुख्यतः कोळशाची. म्हणजे आत प्रवाळ जगवण्यासाठी जी वीज वापरायची, तिचाच धूर बाहेरचं प्रवाळ मारणाऱ्या उष्णतेत भर घालतो. असं मत्स्यालय लोकांना समुद्र वाचवायला कोणत्या तोंडाने सांगणार? रीफ एचक्यूच्या लोकांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. त्यांनी छतावर पॅनेल बसवले, पण त्यावरच थांबले नाहीत. वातानुकूलन, चिलर (पाणी गार करणारी यंत्रं), पंप यांचा वापर तपासून कापत नेला आणि ग्रिडमधून घेतली जाणारी वीज जवळपास निम्म्यावर आणली.

पंपांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी बचत तिथे आहे. पाणी उंच चढवायचं नसून नुसतं फिरवायचं असेल, तर पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग 20 टक्के कमी केला की शक्ती 0.8 चा घन, म्हणजे साधारण 51 टक्के. वेग थोडा उतरवला तर वीज निम्मी! पण बहुतेक ठिकाणी काय करतात? गरजेपेक्षा मोठा पंप घेतात, पूर्ण वेगाने चालवतात आणि व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवतात. वेग बदलणारा ड्राइव्ह लावा, पाइप थोडे रुंद घ्या, वळणं कमी ठेवा. शिवाय पंपाने खाल्लेली बरीचशी वीज शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरते आणि ती काढायला पुन्हा चिलर. पंपाची बचत म्हणूनच दोनदा मिळते.

मागून प्रश्न आलाय, 'मग रात्रीसाठी मोठी बॅटरी घ्यावी का?' घेता येते. शिकागोच्या शेड मत्स्यालयाने 2013 साली छतावर नऊशेहून जास्त पॅनेल बसवले आणि पुढे सुमारे 1 मेगावॉटची लिथियम-आयन बॅटरीही घेतली. पण उष्ण प्रदेशातल्या मत्स्यालयाजवळ आणखी एक साठा असतो, खुद्द टाकी. हिशेब करून पाहू. 25 लाख लिटर पाणी 1 अंशाने थंड करायचं तर सुमारे 2,900 युनिट उष्णता काढावी लागते. चांगला चिलर 1 युनिट विजेत 4 युनिट उष्णता काढतो असं धरलं, तर साधारण 725 युनिट वीज. दुपारी, छतावरची वीज भरपूर असताना, पाणी अर्धा अंश जास्त गार करून ठेवलं, तर संध्याकाळनंतर चिलरला बराच वेळ विश्रांती देता येते. दिवसरात्रीत एवढा फरक प्रवाळाला समुद्रातही सोसावा लागतो. थंड करण्याचा लोड उन्हाबरोबर चढतो, म्हणून सोलरची आणि त्याची जोडी जमते. पंपांची तशी जमत नाही.

आता आपल्याकडे येऊ. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं आणि गेली काही वर्षं बंद आहे. मुंबईत किंवा कोकणात जेव्हा नवं मत्स्यालय उभं राहील, तेव्हा छताची मर्यादा आधीच ओळखायला हवी. आपल्याकडे 1 किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट मिळतात. 2,000 चौरस मीटर छत म्हणजे 200 किलोवॉट, दिवसाला 800 युनिट. समजा, पंप एकूण 50 किलोवॉटचे आहेत. त्यांनाच दिवसाला 1,200 युनिट लागतील, आणि पावसाळ्यात तर निर्मिती आणखी खाली येईल. खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं, आणि 'निसर्ग' वादळाने 2020 मध्ये रायगड-रत्नागिरीत छपरांचं काय केलं ते आपण पाहिलंय. सांगाड्यात काटकसर करून चालणार नाही. जनरेटरही ठेवावाच लागेल, कारण ग्रिड गेली आणि वर ढग असले तरी माशांना प्राणवायू हवाच.

माझी मागणी साधी आहे. टेंडरमध्ये 'सौर पॅनेल, इतके किलोवॉट' ही ओळ लिहिण्याआधी प्रत्येक पंपाचा वेग, पाइपचा व्यास आणि टाकीवर किती ऊन किती वेळ पडणार, हे ठरलेलं असावं. टाक्यांचा आकार वास्तुविशारद कागदावर उतरवतो त्या पहिल्या बैठकीतच, माशांची काळजी घेणाऱ्या जीवशास्त्रज्ञाशेजारी विजेचा अभियंता बसलेला हवा.