पदर पिळणारा हात

नमस्कार मंडळी. विषय दिलाय "मिश्र माध्यमातली मूर्ती आणि मनाचे आजार". (मिश्र माध्यम म्हणजे एकाच मूर्तीत कापड, जाळी, प्लास्टर असं सगळं.) त्यावर येतोच, पण आधी काकूचं सांगू द्या.

माझी काकू रावपुऱ्यातल्या जुन्या घरात रोज दुपारी हिंचक्यावर बसायची. (हिंचकाच म्हणतो, आपल्या बडोद्यात कोणी झोपाळा म्हणालं की समजायचं पाहुणे पुण्याचे.) बोलायची नाही, रडायची पण नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळून पिळत राहायची, इतकं की काठ तेवढाच विरला होता. घरात "तिला बरं नाही" म्हणायचे की विषय बंद. ती गेल्यावर चुलतबहिणीला विचारून ती साडी मागून घेतली आणि काकूची मूर्ती केली.

आत सळीचा सांगाडा, त्यावर बाइंडिंग वायर, कोंबडी जाळी, काथ्या आणि वरून साडी प्लास्टरमध्ये बुडवून. आता प्लास्टर सेट होताना गरम होतं हे फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं, पण त्या दिवशी मूर्तीवर काकूच्या पदराची चुणी चिमटीत धरून बसलो होतो आणि ती हळूहळू तापायला लागली, तेव्हा हात काढवेना हो. विरलेला काठ कोरडाच ठेवला, दोरे सुटलेले तसेच. चेहऱ्याच्या जागी फक्त जाळी.

मी नाव दिलं होतं "काकू, दुपारी". एका प्रदर्शनात उद्घाटनाला पोचतो तर कार्डावर छापलंय "वेडी". आयोजकांना विचारलं तर म्हणे, अहो लोकांना कळायला नको का! मला अजून राग येतो त्याचा. लोक यायचे, कार्ड वाचायचे, थेट चेहऱ्यात वेड शोधायचे, तिथे जाळी, की निघाले पुढे. हाताकडे कोणाचं लक्षच नाही. दोन दिवस भांडलो, तिसऱ्या दिवशी कार्ड काढून खिशात घातलं. त्या संध्याकाळी एक आजी आल्या, वाकून बोटांकडे बघत राहिल्या आणि मला विचारलं, "किती दिवस पिळतेय ही?"

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

मेसरश्मिट नावाचा शिल्पकार होता, 1736 ते 1783. शेवटच्या वर्षांत त्यानं साठाहून जास्त मुंडकी केली, वेडीवाकडी तोंडं केलेली. 1781 मध्ये त्याला भेटून आलेल्या निकोलाई या जर्मन लेखकानं लिहून ठेवलंय की तो आरशासमोर उभा राहून स्वतःच्या बरगडीला चिमटा काढायचा, तोंड वाकडं करायचा आणि तेच घडवायचा. म्हणजे दुखत होतं बरगडीत, पण मूर्तीत बरगडी नाही, चिमटा काढणारा हातही नाही, फक्त तोंड! लोक तेवढंच बघतात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे, आजार हातात बघा, पाठीत बघा, सारखं हाताळून झिजलेल्या वस्तूत बघा.

म्हणून मिश्र माध्यम. ब्राँझमध्ये झिजलेल्या काठाचा फार तर ठसा येतो, काठ येत नाही. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी नुसत्या दोराला गाठी मारत माणसाहून मोठ्या आकृती उभ्या केल्या, गाठ म्हणजे हातानं घालवलेला वेळच की. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात सन्मानानं जगायचा हक्क लिहिलाय, मग तो मूर्तीखालच्या कार्डावर नको?

वेळ संपली. काकू मागे दाराशी उभी आहे, जाताना हात लावून बघा, फक्त काठ जपून, दोरे कच्चे आहेत.