नव्या सोयीला ‘हो’ म्हणण्याआधी

[पडद्यावर: एकाखाली एक तीन फंक्शन्स. नावं वेगळी, आतला कोड तोच.]

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘गो’ ही प्रोग्रॅमिंग भाषा सर्वांसाठी खुली झाली, आणि तेव्हापासून तिच्याकडे एक मागणी सतत होत राहिली. जेनेरिक्स द्या.

मागणी रास्त होती. समजा, यादीतली सगळ्यांत मोठी संख्या शोधायची आहे. पूर्णांकांसाठी एक फंक्शन लिहायचं, दशांश संख्यांसाठी पुन्हा तेच, नवा प्रकार आला की आणखी एकदा. जेनेरिक्स असतील तर हे काम एकाच फंक्शनमध्ये उरकतं.

मग देऊन का टाकले नाहीत? त्याच डिसेंबरात गोच्या टीममधले रस कॉक्स यांनी पेच मांडला. जेनेरिक्स नाही दिले, तर प्रोग्रॅमरचा वेळ जातो. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा कोड तयार करून घेतला, तर कम्पायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, मंदावतो. सगळ्यांना मिळून एकच कोड ठेवला, तर चालणारा प्रोग्रॅम मंदावतो. भुर्दंड कुणीतरी सोसणारच. तो कुणी सोसायचा, हे ठरवायचं होतं.

त्याच टीममधले इयान लान्स टेलर यांनी २०१० ते २०१३ या काळात एकामागून एक आराखडे लिहिले. त्यांतला एकही भाषेत गेला नाही. २०१८ मध्ये नवा मसुदा आला. त्यात, जेनेरिक फंक्शनला कोणते प्रकार चालतील हे सांगणारी, ‘कॉन्ट्रॅक्ट’ नावाची एक वेगळी रचना होती. लोकांनी ती वाचली आणि विचारलं, एखाद्या प्रकाराला काय काय करता आलं पाहिजे हे सांगणारे इंटरफेस भाषेत आधीपासून आहेत, मग हे आणखी कशाला? टीमने हा प्रश्न मनावर घेतला. २०२० मध्ये कॉन्ट्रॅक्ट वगळले आणि ते काम इंटरफेसवरच सोपवलं. फिलिप वॉडलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यामागचा सिद्धान्त तपासून दिला. मार्च २०२२ मध्ये, १.१८ या आवृत्तीत, जेनेरिक्स आले.

बारा वर्षांहून जास्त काळ. वाट पाहणाऱ्यांचा वैताग खरा होता. तरीही मला ही दिरंगाई वाटत नाही. घाईत पहिलाच आराखडा स्वीकारला असता, तर त्याच्या उणिवा आजही प्रत्येकाला वागवाव्या लागल्या असत्या.

[पडद्यावर: ब्राउझरमध्ये अर्धवट उघडलेलं पान.]

कारण भाषेत एकदा आलेली गोष्ट काढणं फार अवघड. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत तर नुसतं नावसुद्धा अडतं. यादीच्या आतल्या याद्या सपाट करणारी ‘फ्लॅटन’ ही मेथड, म्हणजे यादीला जोडलेलं फंक्शन, भाषेत यायची होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने, म्हणजे अनेक संकेतस्थळांनी वापरलेल्या तयार कोडने, त्याच नावाची मेथड स्वतःहून याद्यांना जोडून ठेवलेली. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत नवी मेथड आली आणि एक चालतं संकेतस्थळ मोडलं. ते वापरणाऱ्यांनी काहीच मागितलं नव्हतं. शेवटी भाषेनेच माघार घेतली, आणि ती मेथड ‘फ्लॅट’ या नावाने आली.

जावा या वेगळ्या भाषेने यातून वाट काढली ती ‘प्रीव्ह्यू’ची. सोय वापरायला मिळते, पण कायमची ठरत नाही. स्ट्रिंग टेम्प्लेट्स, म्हणजे मजकुरात मधेच बदलत्या किमती गुंफण्याची सोय, जावा २१ आणि २२ मध्ये अशाच दिल्या, आणि २३ मध्ये काढून घेतल्या. रचना पुरेशी जमलेली नाही, असं दिसलं म्हणून. एवढं जाहीर झाल्यावर मागे फिरायला धैर्य लागतं.

‘गो’ भाषेपुढे दुसरी जुनी मागणी अजून उभीच आहे. चूक होऊ शकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कॉलनंतर एरर तपासणाऱ्या तीन ओळी लिहाव्या लागतात. २०१९ मध्ये त्यावर, हे काम कॉलच्याच ओळीत उरकणाऱ्या ‘ट्राय’चा प्रस्ताव आला. फंक्शनमधून बाहेर पडण्याची वाट एका ओळीच्या पोटात लपते, हा मोठा आक्षेप होता. प्रस्ताव मागे घेतला गेला. पुढेही कोणत्याच पर्यायावर पुरेसं एकमत झालं नाही, आणि जून २०२५ मध्ये टीमने सांगितलं, की यासाठी नवी वाक्यरचना आणण्याचा प्रयत्न नजीकच्या काळापुरता थांबवत आहोत.

मला हा निर्णय पटतो. त्या तीन ओळी लिहायचा कंटाळा येतो, हे खरंच. पण दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये बिघाड शोधताना फंक्शन नेमकं कुठून बाहेर पडलं, ते त्याच ओळी दाखवतात.