थर्मोस्टॅट काढू नका

श्रोतेहो, नमस्कार. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यातलं थोडं आपल्या गाडीत वाचू शकतं. आज बोलायचंय एका छोट्या भागाबद्दल, थर्मोस्टॅटबद्दल.

मानेवाड्याची एक पेट्रोल गाडी. मे महिन्यात अजनी चौकाच्या गर्दीत इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून मालकाच्या हातात दिला. "नागपूरच्या उन्हात हे कायले पायजे, भाऊ?" खरं तर रेडिएटरच्या पंख्याची रिले, म्हणजे पंखा चालू करणारा विजेचा स्विच, जळली होती. ती नंतर बदलली. थर्मोस्टॅट मात्र परत बसवलाच नाही. डिसेंबरात लिटरला सतरा देणारी गाडी चौदावर आली. प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर नवा टाकला. फरक शून्य. शेवटी लक्षात आलं, की कामठीपर्यंत गेलं तरी काटा वर चढतच नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. साधारण 82 ते 88 अंशांवर ती उघडते, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. झडपच नसेल तर इंजिन तापत नाही. सेन्सर "इंजिन थंड आहे" सांगत राहतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत राहतो. पुन्हा सांगतो: इंजिन थंड, तर पेट्रोल जास्त. वर ते न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं.

त्या गाडीत नवा थर्मोस्टॅट बसला, सोबत नवं रबर सील. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, आतली हवा काढली. गाडी पुन्हा सतरावर.

जुना तपासायचा तर पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून तापवा. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास उघडला पाहिजे. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडू नका.

सावलीतल्या गाडीला एसीही कमी लागतो. म्हणून सिमेंट रस्त्यांसाठी कडुनिंब तोडू नयेत, तोडले तिथे पुन्हा कडुनिंबच लावावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता टायर. हवा सकाळी, गाडी काढण्याआधी तपासा. चालून तापलेल्या टायरमध्ये ती तीन-चार पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाच्या मापाने तीन-चार आकडे, जास्तच दिसणार. फुटेल म्हणून काढू नका. टायर थंडावला की तेवढीच कमी पडते, रबर जास्त दबतं, पेट्रोल वाढतं आणि टायर उलट अधिक तापतो. आकडा दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा घ्या. टायरवर कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा.