रविवारचा पिचर

श्रोतेहो, नमस्कार.

या शुक्रवारपासून तीन दिवस आपल्या साउथ कॅरोलायना राज्यात दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायला जाऊ नका, कुणी ऐकणार नाही. क्लेमसन विद्यापीठ विरुद्ध साउथ कॅरोलायना विद्यापीठ. कॉलेज बेसबॉल. तीन दिवस, तीन सामने, तीन मैदानं. एक सामना क्लेमसनच्या डग किंग्समोर स्टेडियमवर, एक कोलंबियाला फाउंडर्स पार्कवर, आणि मधला, म्हणजे शनिवारचा, त्रयस्थ मैदानावर. शनिवार कधी कोलंबियातल्या सेग्रा पार्कवर असतो, कधी ग्रीनव्हिलच्या फ्लोर फील्डवर. या खेपेला ग्रीनव्हिल. परत सांगतो, शनिवारचा सामना ग्रीनव्हिलला. गाडी काढण्याआधी तिकिटावरचं मैदान नीट वाचा. क्लेमसन ते कोलंबिया अंतर चांगलं सव्वाशे मैल आहे. चुकीच्या गावी पोचलात तर उरलेला सामना गाडीतच ऐकावा लागेल.

पुण्या-नागपुराहून एम.एस. करायला क्लेमसनला नुकत्याच आलेल्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. कोलंबियाचं विद्यापीठ, म्हणजेच साउथ कॅरोलायना, १८०१ सालचं, राजधानीतलं, वकील आणि पुढारी घडवणारं. क्लेमसन १८८९ सालचं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेलं आणि सुरुवातीला लष्करी शिस्तीचं. चिन्ह म्हणाल तर क्लेमसनचा वाघ, कोलंबियाचा झुंजीचा कोंबडा. क्लेमसनचा रंग नारिंगी, कोलंबियाचा डाळिंबी. १९०२ साली फुटबॉलच्या सामन्यानंतर कोलंबियाच्या पोरांनी हरलेल्या वाघावर आरवणाऱ्या कोंबड्याचं चित्र मिरवलं. त्यावरून क्लेमसनचे कॅडेट संगिनी घेऊन चालून गेले, आणि पुढे १९०९ पर्यंत दोघांमधला फुटबॉलचा सामनाच बंद पडला. तेव्हापासून फक्त हत्यारं घरी राहतात, बाकी सगळं तसंच आहे.

गंमत म्हणजे या तीन सामन्यांचा लीगच्या गुणतक्त्याशी काही संबंध नाही. क्लेमसन एसीसीत, साउथ कॅरोलायना एसईसीत, म्हणजे लीगच वेगळ्या. मे-जूनमध्ये देशभरातले ६४ संघ निवडतात तेव्हा हे विजय मोजले जातात, एवढंच. पण ऑफिसात सोमवारी कोण हसत येणार आणि कोण हेडफोन घालून मान खाली घालून बसणार, ते याच तीन दिवसांत ठरतं.

आता मुद्द्याचं. कॉलेज बेसबॉलमध्ये मालिका शुक्रवार ते रविवार असते, आणि सुरुवात करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साधारण आठवड्यातून एकदाच उतरतो. एकदा ऐंशी-नव्वद-शंभर चेंडू टाकले की त्याचा खांदा पुढच्या आठवड्यापर्यंत विश्रांतीला. म्हणून शुक्रवारी संघाचा सगळ्यात भारी पिचर, शनिवारी दोन नंबरचा, आणि रविवारी जो उरेल तो. शुक्रवार म्हणजे लग्नातली पहिली पंगत, सगळं गरम, सगळं मुबलक. रविवार म्हणजे शेवटची पंगत. श्रीखंड संपलेलं, मठ्ठा पातळ झालेला, आणि आचारी काय करून वेळ मारून नेतो ते बघायचं. लोक शुक्रवारची तिकिटं काढतात. मी म्हणतो, रविवारचं काढा. रविवारचं काढा, कारण मालिका तिथे उलटते.

हे मी उगाच म्हणत नाही. एक किस्सा सांगतो. माझ्या ओळखीतल्या काहींनी तो इतक्यांदा ऐकलाय की आता ते रेडिओ बंद करतील. करू देत.

२०१० सालचा जून महिना. ओमाहा, नेब्रास्का. कॉलेज वर्ल्ड सिरीज तिथे रोझनब्लॅट स्टेडियमवर १९५० पासून चालायची, आणि ते तिथलं शेवटचं वर्ष होतं. देशातले शेवटचे आठ संघ, आणि नियम सोपा, दोनदा हरलात की घरी. या आठात आपले दोघंही. क्लेमसन एकदाही न हरता पुढे आलेलं. साउथ कॅरोलायना पहिलाच सामना ओक्लाहोमाकडून हरलेलं, म्हणजे गळ्याशी आलेलं. गुरुवारी पुन्हा ओक्लाहोमा समोर, सामना नेहमीचे नऊ डाव संपून बारा डावांपर्यंत ताणलेला, साउथ कॅरोलायना एका धावेने मागे, दोन आउट, दोन स्ट्राइक. एक स्ट्राइक आणखी, की हंगाम संपला. तिथे जॅकी ब्रॅडली ज्युनिअरने चेंडू मारला, बरोबरी झाली, पाठोपाठ ब्रेडी थॉमसने मारला, आणि ३-२ ने जिंकले. हाच ब्रॅडली पुढे बॉस्टन रेड सॉक्स या व्यावसायिक संघाकडून खेळला.

आता पुढे क्लेमसन. आणि हिशेब असा, की फायनलला जायला क्लेमसनला दोन सामन्यांत एकच जिंकायचा होता. साउथ कॅरोलायनाला दोन्ही. लक्षात ठेवा, क्लेमसनला दोनपैकी एक.

तेव्हा आमच्या कारखान्यात एक सहकारी होता. क्लेमसनचा पदवीधर, त्याचे वडील क्लेमसनचे, आजोबाही क्लेमसनचे. आणि बायको कोलंबियाची. या राज्यात गाडीला पुढे नंबरप्लेट लागत नाही, मागेच लागते, म्हणून लोक पुढे हौसेची पाटी लावतात. यांच्या गाडीवर अर्धी पाटी नारिंगी, अर्धी डाळिंबी. घरात सोफे दोन. सामन्याच्या दिवशी एकावर तो, एकावर ती, आणि आमच्यासारख्या पाहुण्यांनी मध्ये गालिच्यावर बसायचं. कुठल्या सोफ्याजवळ सरकून बसता त्यावर जेवणात काय मिळणार ते ठरायचं.

तर या गृहस्थाने काय केलं? दोनपैकी एकच जिंकायचाय म्हणून ओमाहाच्या फायनलची तिकिटं आधीच काढली. विमानाची दोन, मैदानाची दोन. परत न मिळणाऱ्या पैशांची, कारण ती स्वस्त होती. काटकसर ही फक्त आपल्या कोकणस्थांची मक्तेदारी आहे असं समजू नका.

शुक्रवारी आम्ही गालिच्यावर. साउथ कॅरोलायनाने पिचर म्हणून कुणाला उतरवलं? मायकल रॉथ. डावखुरा, इथल्याच ग्रीअरचा मुलगा, रिव्हरसाइड हायस्कूलचा. बीएमडब्ल्यूच्या कारखान्याला जाताना तुम्ही ज्या गावावरून जाता तेच ग्रीअर. त्या अख्ख्या हंगामात या मुलाने एकाही सामन्याची सुरुवात केली नव्हती. मधेच यायचं, एखाद-दुसऱ्या डावखुऱ्या बॅटरला काढायचं, आणि परत जाऊन बसायचं, हे त्याचं काम. पण आदल्या दिवशीच्या बारा डावांनी बाकीच्यांचे खांदे खाल्ले होते आणि क्लेमसनकडे डावखुरे बॅटर बरेच. म्हणून प्रशिक्षक रे टॅनर यांनी याला उभा केला, म्हणजे वार शुक्रवार असला तरी हा उरलेला, रविवारचाच पिचर. सुरुवातीचे काही डाव निभावून नेले तरी पुष्कळ, एवढीच अपेक्षा.

आमचे गृहस्थ नाव ऐकून हसले. बायकोला म्हणाले, "हा कोण?" ती काही बोलली नाही. तिलाही माहीत नसावं.

तिसरा डाव झाला, रॉथ उभा. पाचवा झाला, रॉथ उभा. कधी हात बाजूने फिरवून टाकतोय, कधी वरून, वेग काही फार नाही, पण बॅटर आपले जमिनीवर मारतायत आणि आउट होतायत. सातव्या डावात गृहस्थ सोफ्यावरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडून नुसते उभे राहिले. आठव्यात परत आले. रॉथ अजून उभाच. नऊच्या नऊ डाव त्या मुलाने एकट्याने टाकले. हिट म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, तसे तीन दिले, आणि एक धाव दिली. नऊ डाव, तीन हिट, एक धाव. ५-१. गालिच्यावर चहाचे कप तसेच राहिले होते, कुणी हात लावला नव्हता.

गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे, अजून एक आहे. दोनपैकी एक."

शनिवारी ४-३. तेही साउथ कॅरोलायनाच जिंकलं. २००२ सालीही ओमाहात हेच झालं होतं. तेव्हाही क्लेमसनला एकच हवा होता आणि तेव्हाही कोंबड्याने दोन्ही घेतले.

आता विमानाची तिकिटं. परत होत नाहीत, नाव बदलत नाही. रात्रभर त्या घरात काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पण सोमवारी दोघंही ओमाहाला. ती डाळिंबी शर्टात, तो हट्टाने नारिंगी टोपीत, आणि चारी बाजूंनी कोंबड्याचे भक्त. समोर कॅलिफोर्नियाचा यूसीएलए संघ. पहिला सामना साउथ कॅरोलायनाने ७-१ जिंकला. मंगळवारी पुन्हा तोच मायकल रॉथ सुरुवातीला. आठवड्यापूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हतं, तो आता फायनलला. १-१ बरोबरी, सामना अकराव्या डावात, तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकच टप्पा दूर, स्कॉट विंगो, आणि व्हिट मेरीफील्डने उजव्या बाजूला चेंडू काढला. २-१. साउथ कॅरोलायनाचं बेसबॉलमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, आणि रोझनब्लॅटवरचा कॉलेज वर्ल्ड सिरीजचा शेवटचा चेंडू.

त्या क्षणी आख्खं मैदान उभं राहिलं आणि नारिंगी टोपीसुद्धा उभी राहून टाळ्या वाजवत होती. बायकोने फोटो काढून ठेवलाय. गृहस्थ आजही म्हणतात, "अकरा डाव बसून पाय आखडले होते, म्हणून उठलो." टाळ्यांचं काय, ते अजून सांगत नाहीत.

रॉथ पुढे लॉस एंजेलिस एंजल्सकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळला. साउथ कॅरोलायनाने २०११ सालीही विजेतेपद राखलं. तर श्रोतेहो, रविवारचं तिकीट काढा.

या किस्स्यात बराच वेळ गेला, नियंत्रण कक्षातून हात हलायला लागलाय. बाकीचं भराभर.

शनिवारी फ्लोर फील्डला जाणाऱ्यांनी डावीकडची उंच हिरवी भिंत बघावी. बॉस्टनच्या फेनवे पार्कची मापं घेऊन हे मैदान २००६ साली बांधलंय. नेहमी सहज झेलले जातील असे उंच चेंडू तिथे भिंतीवर आपटून परत येतात, म्हणून डाव्या बाजूला खेळणारा पोरगा गोंधळला की दोन धावा गेल्या समजा. सामन्याच्या आधी तासभर लवकर जा. मैदानाच्या जवळच शूलेस जो जॅक्सनचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. जो म्हणजे इथल्या ब्रँडन कापड गिरणीतला पोरगा. लिहिता-वाचता येत नव्हतं, गिरणीच्या संघातून खेळत वर आला. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या फायनलमध्ये, पैसे खाऊन हरल्याचा आरोप आला, न्यायालयाने सोडलं, तरी बेसबॉलने त्याला कायमचं बाहेर काढलं. त्याच मालिकेत त्याच्या बारा हिट होत्या. १९५१ साली तो वारला, आणि बंदी उठली २०२५ साली. मेल्यावर त्र्याहत्तर वर्षांनी माफी देण्यात काय पुरुषार्थ, ते त्या मंडळींनाच माहीत. ब्रँडन गिरणीत आता महागडे लॉफ्ट आहेत. मुंबईच्या गिरण्यांचेही कबड्डीचे संघ होते, त्यांच्या जागी काय उभं राहिलं ते तुम्ही लोअर परळला उतरून बघितलंच असेल. असो, तो आपला विषय नाही.

कॉलेजची पोरं लाकडी नाही, धातूची बॅट वापरतात. 'टिंग' असा आवाज येतो. मला तो बिलकूल आवडत नाही, पातेल्यावर पळी आपटल्यासारखा. पण त्या बॅटने चेंडू जोरात जातो, म्हणून पाच धावांची आघाडी असली तरी पार्किंगकडे निघू नका.

खाण्याचं सांगायचं तर वाटेत रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शेंगा घ्या. आपल्यासारख्याच, फक्त मीठ जरा हात सैल सोडून. २००६ पासून या राज्याचा तो अधिकृत खाऊ आहे, कायदा करून. केजन मसाल्याच्या घेऊ नका, साध्या घ्या. मसाला घातला की शेंगेची चव मरते, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर पत्रं पाठवू नयेत. मैदानात पारदर्शक पिशवीच न्या, बाकीच्या पिशव्या दारात अडवतात. संध्याकाळी थंडी पडते, शाल असू द्या.

रविवारी काय बघायचं, तेवढं पुन्हा. पाचव्या-सहाव्या डावाच्या सुमाराला चेंडूकडे नाही, बुलपेनकडे बघा, म्हणजे राखीव पिचर हात मोकळा करतात त्या जागेकडे. कोण उठून हात झटकतोय, कोण अजून जॅकेट घालून बसलाय. शुक्रवार-शनिवारी ज्या संघाने कमी पिचर वापरले, रविवारी पारडं त्याचं. म्हणून शुक्रवारी तुमचा संघ हरत असला तरी एक मोजा, प्रशिक्षकाने किती जणांना खर्ची घातलं. दोघांत हरला तर ठीक. सहा जणांत हरला तर रविवारी अवघड आहे.

माझा अंदाज? दोन-एक. कुणाचे दोन, ते विचारू नका. माझ्या डावीकडच्या घरावर नारिंगी झेंडा आहे, उजवीकडच्या घरावर डाळिंबी, आणि गवत कापायचं यंत्र मी दोघांकडून आळीपाळीने आणतो.

नमस्कार.