जमिनीखालचे ऊन पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत गरम पाण्याला अजूनही 'ऊन पाणी' म्हणतात. राजापूरजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावाचे नाव 'उन्हाळे' आहे. बिलीमोरा-वघई या गायकवाडी छोट्या रेल्वेच्या वाटेवरल्या उनाईच्या नावातही तेच ऊन असावे, असे मला वाटते.

हे पाणी तापायला ज्वालामुखी लागत नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सियसने तापमान वाढत असल्यामुळे दोन किलोमीटर खाली पोचलेले पाणी चांगलेच तापते, आणि मोकळी भेग सापडली तर निवण्याआधीच वर येते. गोध्र्याजवळच्या तुव्याला जवळजवळच्या कुंडांतली ऊब वेगवेगळी लागते. एकात पाय घालवत नाही, दुसऱ्यात खुशाल बसावे. वर येताना ज्या पाण्यात भूपृष्ठालगतचे थंड पाणी अधिक मिसळते, ते कोमट होते.

देशात असे तीनशेहून अधिक झरे आहेत. त्यांचा विषय निघाला की आपण लगेच विजेचा हिशेब मांडतो, आणि लडाखमधल्या पुगासारख्या ठिकाणी तो योग्यही आहे. परंतु शंभर अंशांच्या आसपासच्या पाण्यातून वीज काढायची, तर त्यातल्या उष्णतेच्या दहा भागांपैकी जेमतेम एक भाग हाती लागतो. त्यापेक्षा हिमाचलातल्या मणिकरणची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते: तिथे तांदूळ फडक्यात बांधून थेट कुंडात सोडतात आणि भात शिजवून घेतात.

आपल्याकडे खेडा जिल्ह्यात, लसुंद्र्याला, ऊन पाणी आहे आणि तो जिल्हा दुधाचा आहे. दूध पाश्चराइज करताना ते 72 अंशांवर पंधरा सेकंद ठेवतात. थंड दुधाला तिथवर नेण्यातली निम्मी मजल जरी जमिनीखालच्या उष्णतेने मारली, तरी बॉयलरचे बरेच इंधन वाचेल. कांदा-मिरची वाळवायला तर 72 अंशांहूनही कमी तापमान पुरते.

अडचण आहे ती क्षारांची. वापरलेले खारे पाणी शेतात सोडता येत नाही, ते दुसऱ्या विहिरीतून पुन्हा खोल घालावे लागते. शिवाय नळ्या आतून चोंदतात. ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब कधी आतून घासला आहे, त्यांना तळाचे ते पांढरे किटण किती चिवट असते, हे सांगायला नको.